वाचनालयातल्या बाईचे डोळे

“हिचे डोळे कुठं हायत?” मी विचारलं.

आमच्या दगडकामाच्या छपरीत सगळे माझ्याकडे वळले. पद्मानं ओलं फडकं नुकतंच बाजूला केलं होतं आणि पाटावर नमुन्याची, मातीची वीतभर बाई बसली होती. एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला, मांडीवर उघडं पुस्तक, आणि मान अशी झुकलेली की पुढून बघितलं तर नुसता भांग दिसावा. वाचनालयाचे अध्यक्ष निकम वकील वाकून वाकून तिच्या तोंडाकडे बघत होते. माझे वडील, तात्या, खांबाला टेकून उभे होते. आणि पद्मा, म्हणजे माझी भावजय, जिच्या हातची ती माती होती, ती पदराला हात पुसत माझ्याकडे बघत होती.

“वाचतीय न्हवं ती,” पद्मा म्हणाली. “वाचणारीचे डोळे पुस्तकात असत्यात की ओ, वन्सं.”

“असूं देत पुस्तकात. पर दिसाय नकोत?”

“पापण्या दिसतात की,” वकील म्हणाले. “वा! काय शांत चेहरा आहे. आमच्या वाचनालयाच्या दारात हीच पाहिजे. तात्या, सून मिळवलीत हो!”

तात्या हसले. तात्यांना हसवणं सोपं काम नव्हतं. मी निम्मं आयुष्य त्यांच्या हाताखाली दगड फोडला, तरी मला ते फारसं जमलं नव्हतं. हिनं चार मुठी मातीत जमवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण वकिलांच्या देखत काय बोलणार? मी चहा आणायच्या निमित्तानं आत गेले आणि कपबश्या जरा जोरातच आपटल्या.

डोळ्यांवरून माझा एवढा जीव का वर-खाली व्हावा, ते सांगायला हवं. आम्ही पाथरवट. कऱ्हाडच्या खाली नदीकाठाला आमचं गाव, आणि पंचक्रोशीतले निम्मे मारुती आणि नंदी आमच्या छपरीतून निघालेले. आमच्यात मूर्ती पायापासून वर चढते आणि डोळे अगदी शेवटी होतात. डोळे उघडेपर्यंत तो दगडच. त्यावर पाय देऊन काम केलं तरी कोणी काही म्हणत नाही. डोळे उघडले की मग मूर्ती. त्यासाठी एक निराळी बारीक टाकी असते, पोलादाची, बोटाएवढी. ती तात्यांना त्यांच्या वडिलांनी दिलेली. डोळ्याची टाकी ज्याच्या हातात, त्याची छपरी. त्यालाच लोक मिस्त्री म्हणणार. बाकीचे सगळे हाताखालचे.

माझं नांदणं काही जमलं नाही. परत आले ती तात्यांच्या छपरीतच बसले. माझ्या पाठचा भाऊ विलास एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याची आणि दगडाची कधी ओळखच झाली नाही. मग राहिले मीच. नंदीच्या गळ्यातली घुंगरमाळ मी करायची, मारुतीचं शेपूट मी करायची, नाक-ओठ-कान सगळं मी करायची. आणि डोळ्यांची वेळ आली की उठायची. तात्या आंघोळ करून, उपाशीपोटी येऊन माझ्या जागेवर बसायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललं. मी कधी तक्रार केली नाही. मग तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि एका संध्याकाळी बिडी ओढता ओढता ते म्हणाले, “पुढच्या मोठ्या मूर्तीचे डोळे काय माझ्या हातनं व्हायचे न्हाईत.”

छपरीत तेव्हा मी एकटीच होते. दुसरं कोण ऐकायला होतं? त्या रात्री मला धड झोप लागली नाही, आनंदानं.

आणि मग विलासचं लग्न झालं.

पद्मा बेळगावकडची. तिचे वडीलही आमच्यातलेच, पण सुधारलेले. लेकीला त्यांनी चित्रकलेच्या शाळेत घातलं होतं. तिकडच्या बायकांसारखी ती “मी येतो, मी करतो” असं बोलायची. पहिल्या आठवड्यात मला हसू यायचं. दुसऱ्या आठवड्यात ती छपरीत आली, कोपऱ्यातला एक वाया गेलेला तुकडा उचलला आणि दुपारभरात त्यातून एक निजलेलं मांजर काढलं. पोट खाली-वर होतंय की काय असं वाटावं, असं मांजर. तात्यांनी ते हातात घेतलं. बराच वेळ खाली ठेवलं नाही. माझं हसणं तेव्हापासून बंद झालं.

मग रोजचंच झालं. तात्यांची बसायची जागा, उजेडाची, खिडकीखालची, ती तिला मिळाली. मी मागितली नव्हती म्हणून मला मिळाली नव्हती, असं म्हणायची सोय होती. पण तिनंही मागितली नव्हती. जेवताना तात्या “पद्मे, त्या मांजराची पाठ कशी धरलीस गं?” असं विचारायचे. मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. मला ते सांगायचे.

बरं, तिच्याशी भांडावं तर ती भांडायचीही नाही. मी टोमणा मारला की मान खाली. मी तिच्या रेघेच्या बाहेर टाकी मारली तरी म्हणायची, “ऱ्हाऊ दे वन्सं, हे बी चांगलं दिसतंय.” विलासला मी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, “तुझी बायको आतल्या गाठीची हाय.”

“अक्का, ती तर रोज तुझं कवतिक करती माझ्याजवळ,” तो म्हणाला.

“तेच म्हंते मी. कशाला करती?”

तो डबा उचलून डेपोत निघून गेला.

वाचनालयाचं काम आलं ते दिवाळीत. गावातल्या वाचनालयाला शंभर वर्षं होत होती. दारात सरस्वती बसवावी असं निम्म्यांचं म्हणणं, संस्थापकांचा पुतळा बसवावा असं निम्म्यांचं. शेवटी दोन्ही नको म्हणून वाचणारी बाई ठरली. माणसाच्या उंचीची, काळ्या पाषाणाची. एवढी मोठी मूर्ती आमच्या छपरीत कधी झाली नव्हती. देव नसला म्हणून काय झालं, तात्या म्हणाले, रीतीनंच करायची. म्हणजे डोळे शेवटी. हीच ती पुढची मोठी मूर्ती, असं मी मनाशी धरून बसले होते. आणि पद्मानं बाईचं तोंडच जमिनीकडे केलं.

वकील गेल्यावर मी तात्यांना गाठलं.

“तात्या, हिला डोळंच न्हाईत तर उघडायचं काय?”

“मंग न्हाई उघडायचं.”

“मंग मूर्ती कवा व्हायची तिची?”

तात्या टाकीची धार बघत बसले. मग म्हणाले, “पद्मालाच इचार. माती तिनं केलीया.”

म्हणजे आता मी तिला विचारायचं! घरात कालची आलेली ती, आणि मी तिला विचारायचं. माझी खात्री पटली. हिला कुठून तरी कळलं असणार की डोळ्याची टाकी माझ्याकडे यायची आहे. स्वतःला मिळत नाही तर मलाही नको, म्हणून हिनं डोळेच गिळून टाकले. वरून किती शांत, “वाचणारीचे डोळे पुस्तकात असत्यात की ओ!” मला ते वाक्य भाकरी थापताना सुद्धा ऐकू यायचं, आणि भाकरी फाटायची.

संक्रांत झाल्यावर खाणीतून दगड आला. पद्मानं त्यावर गेरूनं रेघा मारल्या आणि आम्ही कामाला लागलो. मोठ्या हातोड्यानं बोजड दगड उडवायचा तो मी, आणि मागून आकार काढायचा तो तिनं. काम करताना मला एक मान्य करावं लागत होतं, आणि ते मान्य करायचा मला संताप येत होता. तिला दगडातलं आतलं दिसायचं. दुमडलेल्या पायावर लुगड्याची घडी कशी ताणली जाते, ते तिनं अशा चार टाक्यांत आणलं की मी हातोडा खाली ठेवून बघत राहिले. ती घडी मला जमली असती. दाखवली असती तर नक्की जमली असती. पण मला ती सुचली नसती. हे मला त्याच दुपारी कळलं, आणि ज्याला असं काही कळतं त्याला जेवण जात नाही.

डोक्याचा दगड आम्ही तसाच राखून ठेवला होता, चौकोनी, बिनघडवलेला. पायाकडून वर चढायचं म्हणजे डोकं शेवटी येणार. तिचं तोंड वर करायला माझ्या हातात तेवढे दिवस होते.

मी वाचनालयात जायला लागले.

चौथीपर्यंत शिकलेली मी. वाचता यायचं, पण वाचनालयाची पायरी कधी चढले नव्हते. चिटणीसबाई तिथं ग्रंथपाल होत्या. “काय हवंय?” त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

“मला माणसं बगायची हायत,” मी म्हणाले. “वाचताना.”

दारात बसणारी बाई आमच्याकडे होतेय हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी हाकललं नाही. बायकांच्या कोपऱ्यात एक खुर्ची दाखवली आणि हातात एक मासिक दिलं, उगाच विचित्र दिसू नये म्हणून. ते मासिक धरून मी माणसं बघत बसले.

पहिले काही दिवस पद्माच जिंकत होती. ज्याला बघावं त्याचे डोळे खाली. पेन्शनर खाली बघून वर्तमानपत्र वाचत होते, कॉलेजची पोरं खाली बघून नोकरीच्या जाहिराती वाचत होती, आणि एक आजोबा तर इतके खाली बघत होते की घोरायला लागले. मी वैतागून घरी यायची. पद्मा जेवायला वाढताना विचारायची, “दमलाव काय वन्सं?” तर वाटायचं, हिला कळलंय मी कुठं जाते ते, आणि ही मनात हसतेय.

मग एका दुपारी एक बाई दिसली. बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवायची ती, नाव मला माहीत नव्हतं. गळ्यात टेप तशीच लोंबत होती. दुपारचं दुकान बंद करून आली असावी. ती वाचत होती, बोट ओळीवर ठेवून, आणि मध्येच तिनं मान वर केली. बोट ओळीवरच होतं. डोळे समोर बघत होते, पण समोर तर नुसतं कपाट होतं. तिला कपाट दिसत नव्हतं. पुस्तकातलं काहीतरी तिला लागलं होतं, आणि ते घेऊन ती वर आली होती. ओठ जरासे सुटले होते. थोडा वेळ ती तशीच राहिली आणि मग पुन्हा खाली गेली.

मी उठून उभी राहिले. मासिक खाली पडलं. चिटणीसबाईंनी “शू!” केलं. मला नाचावंसं वाटत होतं.

मग मी सगळ्यांकडे नीट बघायला लागले, आणि खरंच, जो मनापासून वाचायचा तो केव्हातरी असा वर यायचा. नुसतं चाळणारे कधी वर येत नव्हते. वर आलेल्या माणसाचं तोंड बघितलं की कळायचं, हा आता खरं वाचतोय.

दुसऱ्या दिवशी पद्माला हाताला धरून तिथं नेलं. “बस हितं,” म्हणाले. “आन् गप बग.”

आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. शिलाईवाली बाई आली, वाचायला लागली. आज वर येते की नाही म्हणून माझा जीव टांगणीला. आणि आली ती वर. बोट ओळीवर, डोळे कुठंतरी लांब.

मी पद्माकडे बघितलं. तिचा उजवा हात मांडीवर हलत होता. बोटं वाकत होती, माती दाबल्यासारखी. तिला दिसलं होतं. माझ्यापेक्षा जास्तच दिसलं असणार. पण मग तिनं हाताची मूठ केली आणि म्हणाली, “खाली बघणारीच बरी की ओ, वन्सं.”

“काय म्हनालीस?”

“ती शांत दिसतीया. वकिलास्नी पसंत हाय. आता कशाला बदलायचं?”

“पद्मे, तुला दिसलं. मी तुझा हात बगितला.”

“दिसलं. पर ऱ्हाऊ दे.”

माझा राग नाकावरच असतो. तिथंच, वाचनालयात, चिटणीसबाईंच्या समोर मी तिला बोलले. म्हणाले, तुझ्या मातीला कुणी हात लावलेला सोसत नाही तुला. म्हणाले, तात्यांनी डोक्यावर चढवून ठेवलीय तुला. अजूनही बरंच म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिनं माझा हात धरला.

“वन्सं, एवढं एक माझं ऐका. ती खालीच बघू दे.”

“का? कारण सांग की.”

तिनं पकड घट्ट केली. “कारण न्हाई,” म्हणाली.

“मंग सोड हात.”

मी तशीच निकम वकिलांच्या घरी गेले. वकील जेवून आडवे झाले होते, त्यांना उठवलं. वकिलांच्याच खुर्चीत त्यांना पुस्तक देऊन बसवलं, बोट ओळीवर ठेवायला लावलं, मान वर करायला लावली आणि त्यांच्या बायकोला विचारलं, “आता सांगा वैनी, ह्ये वाचत्यात का न्हाई?” वैनी म्हणाल्या, “इतकं मन लावून तर ते कधीच वाचत नाहीत.” वकील हसून हसून लाल झाले. हसणं ओसरल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाले, “शेवंताबाई, हे फार चांगलं आहे. असंच करा.”

मी जिंकले होते. घरी येताना वाटेवरच्या प्रत्येक मारुतीला मी नमस्कार केला. त्यातल्या एकाचेही डोळे माझे नव्हते, पण आता काय त्याचं?

तात्यांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे बघितलं, मग पद्माकडे. “करशील?” त्यांनी तिला विचारलं.

पद्मा म्हणाली, “वन्सं म्हनत्यात तर करतो.” आणि मला हळूच, “मागनं मला बोल लावू नका.”

“मी कशाला बोल लावू? मीच तर म्हंते हाय.”

तिनं डोकं घडवलं. माझ्यानं खोटं बोलवत नाही. तिनं ते जीव ओतून घडवलं. एकदा करायचं म्हटल्यावर ती हातचं राखणारी नव्हती. मान अशी वर आलेली की मानेची शीर दिसावी, ओठ जरासे सुटलेले, केसांची एक बट कानामागून निसटलेली. डोळ्यांच्या जागी नुसते दोन गोल उंचवटे. मी रोज त्या उंचवट्यांवरून अंगठा फिरवायची. आत काय आहे ते मला ठाऊक होतं. वरची पापणी जराशी जाड, खाली हलकी रेघ, बुबुळाची कडा खोल, मधला ठिपका त्याहून खोल, म्हणजे सावली धरते. तात्यांचं बघून बघून ते माझ्या हातात मुरलं होतं. अंधारातसुद्धा केले असते मी ते डोळे.

डोळ्यांच्या आदल्या दिवशी मी स्वतः भट्टी पेटवली आणि बारीक टाकीला पाणी दिलं. धार अशी आली की नखावर ठेवली तर सरकू नये. सकाळी न्हाले, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले. विलास डेपोत निघाला होता, मला बघून म्हणाला, “अक्का, लगीन हाय काय कुणाचं?” मी त्याला हसून मारायला धावले. इतकी खूश मी कितीतरी वर्षांत नव्हते.

छपरीत तात्या आधीच येऊन बसले होते. पद्मा मूर्तीच्या बाजूला उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. मला वाटलं, उतरणारच. मला जरा कीवही आली तिची. जिंकणाऱ्याला कीव परवडते.

तात्यांनी टाकी कपाळाला लावली. मी हात पुढे केला.

त्यांनी ती पद्मापुढे धरली.

“घे,” ते म्हणाले.

मला आधी वाटलं, तिच्या हातातून माझ्याकडे द्यायची असेल. माणूस किती वेडं असतं! मी हात तसाच पुढे धरून उभी होते.

पद्मानं टाकी घेतली नाही. “मामंजी, वन्संना द्या,” ती म्हणाली. “त्यांचा मान हाय.”

“मी ठरवलंय ते ठरवलंय.”

“तात्या,” मी म्हणाले. पुढे केलेला हात खाली घेतला. “माझं काय चुकलं?”

“काय सुदिक चुकलं न्हाई.”

“माझा हात हलतो? माझी टाकी घसरती? सांगा की!”

“तुझा हात माझ्यापरास पक्का हाय, शेवंते.” तात्या खाली बघून बोलत होते. “पर तुझ्या हातनं माझेच डोळे निघत्यात. गावात माझे डोळे लई झाले. ह्या मारुतीचे, त्या नंदीचे, समदे एकच. ही बाई निराळी हाय. हिला हिचे डोळे पायजेत.”

“आन् हे मला आज सांगताय?”

“हिला दिवाळीतच सांगितलं हुतं,” तात्या म्हणाले. “काम आलं त्याच दिवशी. म्हटलं, हिचे डोळे तू उघडायचेस. तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आलं जिवावर, काय करू?”

मी पद्माकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

दिवाळीत सांगितलं होतं. माती तिनं केली दिवाळीनंतर.

तात्या उठले. टाकी पद्माच्या हातात ठेवली, तिची बोटं त्यावर मिटवली आणि मला म्हणाले, “नजर धर.”

डोळे उघडताना समोर कोणीतरी उभं राहावं लागतं. घडवणारा अगदी जवळ असतो, त्याला नजर कुठं पोचते ते कळत नाही. म्हणून समोरच्या माणसाच्या तोंडावरून तो अंदाज घेतो. त्या माणसानं हलायचं नसतं. तात्यांसाठी आई उभी राहायची, आई गेल्यावर मी. मला वाटलं, लाथ मारावी त्या दगडाला आणि निघून जावं. कुठं जावं? मी समोर जाऊन उभी राहिले, हिरव्या लुगड्यात. तात्या बाहेर गेले. त्यांना बघवत नव्हतं, की माझ्यासमोर थांबवत नव्हतं, कोण जाणे.

पद्मानं उजव्या डोळ्यावर टाकी टेकवली. पहिली पांढरी रेघ उमटली.

“तुला दिवाळीपास्नं ठाऊक हुतं?” मी विचारलं.

“हलू नका, वन्सं.”

“म्हणून तिला खाली बगाय लावलीस?”

टाकी थांबली. ती माझ्याकडे वळली नाही, दगडाशीच बोलली. “तुमच्या वाटणीचं मला नको हुतं. मामंजीस्नी सांगून बघितलं, ते ऐकंनात. मग म्हटलं, डोळेच नसले तर कुणाच्याच वाट्याला यायचे न्हाईत. तुमास्नी कळायचं बी न्हाई.”

“आन् मी गाव गोळा करून आले.”

तिनं फुंकर मारून भुगा उडवला. “पर तुमचं बरोबर हुतं,” ती म्हणाली. “ती वरच बघाय पायजे. मला ते सुचलंच नव्हतं.”

  एवढी मोठी मूर्ती, आणि तिचे डोळे हिनं माझ्यासाठी मिटून टाकले होते. एकदा नाही, वाचनालयाच्या पायऱ्यांवर हात धरून पुन्हा मिटायला बघितले. मी त्या जागी असते तर मिटले असते? मी विचार करायला लागले आणि थांबले, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

माझे डोळे भरून आले. पुसता येईनात, हलायचं नव्हतं.

“पुसा की वन्सं. मी थांबतो,” पद्मा म्हणाली. 

“थांबू नगस. हाताची लय मोडंल तुझ्या,” मी म्हणाले. “कर.”

तिनं केलं. उन्हं छपरीच्या कुडावरून खाली उतरेपर्यंत ती करत होती आणि मी उभी होते. जवळून बघायला मिळालं मला सगळं. वरची पापणी तिनं तात्यांसारखी जाड केली नाही. कडेला नुसती उचलली. बुबुळाची कडा पुरी कोरलीच नाही, वरून अर्धी सोडून दिली, त्यामुळे उजेड आत शिरून तिथंच राहायचा. टाकी कुठं दाबायची आणि कुठं उचलायची, हे तिला कोणी सांगत नव्हतं. ती विचारत गेली आणि दगड सांगत गेला. मग तिनं तांब्यानं पाणी ओतलं. भुगा वाहून गेला, दगड काळा झाला, आणि बाईनं पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

तात्या दारात येऊन उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली.

ते डोळे माझ्याच्यानं कधीच झाले नसते. तात्या म्हणाले ते खरं होतं, आणि ते खरं आहे हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आज इतक्या वर्षांनीही वाचनालयात गेले की मी त्या डोळ्यांपुढं उभी राहते. छपरीवर आता पद्माचं नाव आहे, मी अजून तिच्या मागं बसते, आणि आमचं बरं चाललंय. कोणी विचारतं, मान वर करायची कल्पना कोणाची? ती माझ्या आधी सांगते, “आमच्या वन्संची.” ते सुद्धा मला सांगू देत नाही.

त्या सकाळपर्यंत मला तिचा हेवा वाटायचा, तेव्हा सोबत राग असायचा. बाई आतल्या गाठीची आहे, पुढं पुढं करते, तात्यांना फितवते, असं सगळं हाताशी होतं. रात्री झोप आली नाही तर त्यातलं काहीतरी उशाला घेता यायचं. त्या सकाळी तिनं ते सगळं माझ्याकडून काढून घेतलं. हात चांगला होताच तिचा, मनही चांगलं निघालं. मी ओल्या तोंडानं तिच्यासमोर उभी होते आणि मला तिचा नुसता हेवा वाटत होता, त्यात दुसरं काहीच मिसळलेलं नव्हतं. राग होता तोवर हेवा सोसायला बरा होता.